चिंचोक्यांची शाळा

संध्याकाळची वेळ असते. आई भाकरी थापत असते. पोर पदर ओढते. "आई, हे काय? आई, ते किती?" आई म्हणते, "गप बस. मधे मधे करू नकोस." बाप म्हणतो, "शाळेत गेलास की गुरुजी शिकवतील."

आम्हीही असेच म्हणत होतो. आम्हांला वाटे, आपणच आत्ता कुठे वाचू लागलो. आपण पोराला काय शिकवणार? पण हे खरे नाही. मूल शाळेत जाण्याच्या आधीपासून शिकत असते. ते हाताने शिकते, डोळ्याने शिकते, खेळता खेळता शिकते. त्याला सारखे गप बसवले, तर ते विचारायचेच सोडून देते. मग शाळेतही ते तोंड उघडत नाही.

ताराबाई मोडक यांनी हे ओळखले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डी या गावी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. शहरातली खेळणी महाग. ती गावाला परवडणारी नव्हती. मग त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पैशावाचून खेळ अडत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

आपणही घरी असे खेळ खेळू या.

१. मुठीत किती? चिंचोके धुऊन वाळवा. पाच चिंचोके मुलापुढे ठेवा. बोट लावून मोजायला सांगा. मग दोन आपल्या मुठीत लपवा. विचारा, "मुठीत किती?" मूल चुकेल. रागावू नका. मूठ उघडा. ते स्वतःच मोजील. थोड्या दिवसांनी न बघता सांगू लागेल. हीच वजाबाकी! पाटी लागली नाही, पुस्तक लागले नाही.

२. निवडानिवड. सुपात वाल, हरभरे आणि भुईमुगाच्या शेंगा मिसळा. मुलाला वेगळे करू द्या. नजर तयार होते. बोटेही तयार होतात. दाणा नीट उचलणाऱ्या बोटांना पुढे पेन्सिल धरणे सोपे जाते.

३. तांब्या आणि वाटी. "या तांब्यात किती वाट्या पाणी मावेल?" आधी मुलाला अंदाज सांगू द्या. मग वाटीने भरून बघा. पाणी फुकट घालवू नका. तुळशीला घाला.

४. धूळपाटी. ताटात बारीक माती पसरा. बोटाने रेघ काढा, गोल काढा. मग मुलाच्या नावातले पहिले अक्षर काढा. तुम्ही काल जे अक्षर शिकलात, ते आज मुलाला द्या. चुकले तर हात फिरवा, पुसले! त्यामुळे चुकण्याची भीती राहत नाही.

एक गोष्ट विसरू नका. लहान मूल बी तोंडात किंवा नाकात घालते. ती श्वासनळीत अडकली तर जीव जाऊ शकतो. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बिया देऊच नका. त्याला वाट्या, झाकणे द्या. मोठ्या मुलाजवळही खेळ संपेपर्यंत बसा. पाण्याची बादली उघडी ठेवून उठू नका.

रोज पाव तास पुरे. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखेच खेळवा. हे काम एकट्या आईचे नाही. बापानेही शेतावरून आल्यावर मुलाला मांडीवर घ्यावे आणि विचारावे, "सांग बघू, मुठीत किती?"

सांगा पाहू :
१. ताराबाईंनी खेळण्यासाठी काय काय घेतले?
२. धूळपाटीचा फायदा कोणता?
३. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बिया का देऊ नयेत?

करून पाहा : आज रात्री घरी एक खेळ खेळा. मूल काय म्हणाले, ते उद्या वर्गात सांगा.