हवा प्रदूषण : आपल्या दारातला धूर आपण कसा कमी करू शकतो?



'हवा प्रदूषण – कारणे व उपाय' हा निबंध आपण सगळ्यांनी कधी ना कधी मुलांकडून लिहून घेतला आहे. मुलं काय लिहितात तेही आपल्याला पाठ आहे. कारखान्यांचा धूर, वाहनांचा धूर, वृक्षतोड ही कारणं, आणि शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा'. निबंधाला गुण मिळतात. पण कितीतरी शाळांत स्वच्छतेचा तास झाला की गोळा केलेला पालापाचोळा पटांगणाच्या कोपऱ्यात पेटवून दिला जातो आणि निबंध लिहिणारी तीच मुलं त्या धुरातून घरी जातात.

म्हणून या लेखात कारखान्यांबद्दल थोडं आणि आपल्या घराबद्दल, गल्लीबद्दल, शाळेच्या फाटकाबद्दल जास्त बोलूया.

कोल्हापूरची हवा खरंच खराब आहे का?

'आपल्याकडं काय, रंकाळा आहे, पंचगंगा आहे, चहूबाजूंनी हिरवी शेती आहे. प्रदूषण ते दिल्लीला!' असं आपण सहज म्हणतो. पण केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची ठरवून दिलेली मर्यादा पाळू न शकलेल्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्याबरोबर सांगली, सोलापूर आणि आपलं कोल्हापूरही होतं.

ही मर्यादा मुख्यतः हवेतल्या बारीक कणांवरून ठरते. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना 'पीएम १०' आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांना 'पीएम २.५' म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पीएम २.५ चा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक! नाकातले केस त्याला अडवू शकत नाहीत. तो थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातो. भारताच्या मानकानुसार एका घनमीटर हवेत पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि पीएम १० ची ६० पेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर अनुक्रमे ५ आणि १५ इतकी कडक आहे.

आपल्याकडं हिवाळ्यात हा त्रास वाढतो. त्याच दिवसांत उसाचा गाळप हंगाम असतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, शेतात पेटवलेलं पाचट, चौकात शेकोट्या, घरोघरी पेटलेले बंब. त्यात थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, त्यामुळे धूर वर जात नाही. झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखी अवस्था होते. सकाळी गल्लीत जे 'धुकं' दिसतं, त्यात बऱ्याचदा धूरही मिसळलेला असतो.

'माझ्या एकट्यानं काय होणार?'

हा प्रश्न मुलंही विचारतात आणि पालकही. शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्री आहेत, महामार्गावर हजारो ट्रक आहेत, मग मी दारातला मूठभर कचरा जाळला नाही तर असा काय फरक पडणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

धूर जिथं निघतो, तिथंच तो सर्वांत दाट असतो. उंच चिमणीतून निघालेला धूर जमिनीवर येईपर्यंत बराच विरळ होतो. दारात पेटवलेल्या कचऱ्याचा धूर मात्र विरळ व्हायच्या आधीच खिडकीतून घरात येतो. म्हणजे शहराच्या हिशेबात तुमचा कचरा मूठभर असेल, पण तुमच्या घरातल्या बाळाच्या आणि शेजारच्या दमेकरी आजोबांच्या हिशेबात तो मूठभर नसतो. आपण एकट्यानं धूर थांबवला तर सगळ्या शहराची हवा बदलणार नाही, हे खरंच आहे. पण आपल्या गल्लीची बदलेल, आणि आपली मुलं श्वास गल्लीतच घेतात.

मुलांच्या बाबतीत हे अधिक लागू आहे. मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर सहा-सात वर्षांचं मूल २० ते २५ वेळा. त्यांची फुफ्फुसं अजून वाढत असतात. शिवाय त्यांची उंची कमी, त्यामुळे गाडीच्या सायलेन्सरचा धूर त्यांच्या नाकाच्या जवळ असतो.

रोज करता येण्यासारख्या गोष्टी

१) कचरा आणि पालापाचोळा जाळायचा नाही. कचऱ्यात थोडं जरी प्लास्टिक असलं तरी त्याच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं येऊ शकतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अशा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत द्या. शाळेत तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा काढा. पालापाचोळ्याचा थर, त्यावर थोडं शेण-माती, पाण्याचा शिपका, पुन्हा थर. काही महिन्यांत परसबागेला खत तयार. मुलांना विज्ञानातलं विघटन दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही.

२) शाळेच्या फाटकापाशी इंजिन बंद. एक हिशेब मुलांना फळ्यावर करायला द्या. समजा, शाळा सुटताना १५० पालक दुचाकी घेऊन आले आणि प्रत्येकाने सरासरी दोन मिनिटं गाडी चालूच ठेवली. १५० गुणिले २ म्हणजे ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास! एकच गाडी पाच तास फाटकात चालू ठेवल्यासारखं हे झालं, आणि तेही सगळी मुलं बाहेर पडतात नेमक्या त्या वेळेला. चावी फिरवायला काही खर्च येत नाही. दसरा चौकात, कावळा नाक्यावर सिग्नल लांबला तर तिथंही हेच करावं.

जवळच्या अंतराला गाडी काढायचीच नाही, हे त्याहून चांगलं. कोल्हापूर काही मुंबईएवढं पसरलेलं नाही. मंगळवार पेठेतून राजारामपुरीला सायकलने जायला फार वेळ लागत नाही. एकाच गल्लीतली चार मुलं असतील तर पालकांनी आळीपाळीने सोबत चालत नेता येतात. लांबच्यासाठी केएमटी आहे.

३) पीयूसी हा नुसता कागद नव्हे. नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, नंतर बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना दरवर्षी, जुन्यांना सहा महिन्यांनी ते घ्यावं लागतं. तपासणीत गाडी नापास झाली तर ती आपल्या भल्यासाठीच झाली असं समजा. एअर फिल्टर साफ करणं, वेळेवर ऑइल बदलणं, टायरमध्ये हवा नीट ठेवणं, यानं धूर कमी होतो आणि पेट्रोलही वाचतं.

४) बंब, चूल आणि कॉइल. आपल्या भागात आंघोळीच्या पाण्याचा बंब अजून पुष्कळ घरी आहे. त्यात लाकूड, चिपाड घालतात इथपर्यंत ठीक, पण रिकाम्या पिशव्या, जुनी चप्पल, टायरचे तुकडेही 'लवकर पेटतं' म्हणून घातले जातात. निदान हे तरी आजपासून बंद करूया. ज्यांना परवडेल त्यांनी सौर बंब बसवावा. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर जळण वाळलेलं असावं, खिडकी-धुराडं मोकळं असावं आणि लहान मूल चुलीपासून लांब असावं. गॅस घरात असूनही काही कामं चुलीवर होतात, ती हळूहळू कमी करता येतील.

डास घालवायची कॉइल आपल्याला निरुपद्रवी वाटते. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे बारीक कण निघतात असं आढळलं. दारं-खिडक्या लावून मुलांच्या उशाशी कॉइल ठेवण्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी. पाणी साठू न देणं हा तर मूळ उपाय.

५) शेतकरी पालकांसाठी : पाचट पेटवू नका. ऊस गेला की हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट शेतात राहतं. ते पेटवण्यामागं कारणं असतात. मजूर मिळत नाहीत, खोडव्याची कामं खोळंबतात, उंदरांची भीती असते. पण काडी ओढली की धुराबरोबर जमिनीचं खतही जातं. पाचट सरीत पसरून बुडखे मोकळे करावेत. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरण्याची शिफारस आहे. त्यामुळे ओल टिकते, तण कमी येतं आणि पुढं जमीन भुसभुशीत होते. कुट्टी यंत्र असेल तर काम आणखी सोपं. मुलांना घरी विचारायला सांगा, 'आपल्या पाचटाचं काय करतो आपण?' कधी कधी मुलाचा प्रश्न जास्त ऐकला जातो.

६) सण साजरे करूया, धूर आवरूया. 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही हाक आपल्याकडं रुजली आहे. कोल्हापुरात तिला आणखी एक जोड मिळाली, ती शेणी दानाची. होळीत जाळायच्या शेणी मंडळं आणि नागरिक पंचगंगा स्मशानभूमीला देतात. जे जळण एरवी नुसतं जळून गेलं असतं, ते कुणाच्या तरी अखेरच्या कामी येतं. परंपरा मोडली नाही आणि एक धूरही वाचला. फटाक्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीत रात्री ८ ते १० अशी दोन तासांची वेळ घालून दिली होती. घरात मात्र त्याहून कमी वेळ ठरवायला आपल्याला कोण अडवतंय?

७) धूळही प्रदूषणच. घराचं बांधकाम चालू असेल तर वाळू-मातीच्या ढिगावर ताडपत्री टाका, पाणी मारा. अंगण आणि वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडण्याची आपल्या आज्यांची सवय अगदी शास्त्रीय होती.

मग झाडं लावायची नाहीत का?

जरूर लावायची. झाडांची पानं धूळ अडवतात, सावली देतात. पण कचरा पेटवून शेजारी रोप लावलं तर हिशेब जुळत नाही. आधी धूर थांबवायचा, मग झाड लावायचं, हा क्रम मुलांच्या निबंधात यायला हवा.

आणखी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. आपण आपलं केलं म्हणजे कारखानदार आणि महापालिका यांची जबाबदारी संपत नाही. कचऱ्याच्या ढिगाला आग लागली, एखादी चिमणी रोज काळा धूर ओकू लागली, तर महापालिकेकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख, वेळ, फोटोसह लेखी तक्रार करणं हाही प्रदूषण कमी करण्याचा रोजचाच मार्ग आहे. मराठीच्या तासाला तक्रार अर्ज शिकवतोच, विषय हाच द्या.

वर्गात घेण्यासारखे उपक्रम

* पांढऱ्या तीन कार्डांवर व्हॅसलिनचा पातळ थर लावा. एक फाटकाजवळ, एक वर्गाच्या खिडकीत, एक शाळेच्या मागं झाडाखाली टांगा. तीन दिवसांनी भिंगातून कण मोजा. यात फक्त मोठे कण दिसतात, पीएम २.५ दिसत नाहीत, हेही सांगा.
* शाळा सुटताना दहा मिनिटं फाटकापाशी निरीक्षण करा. किती गाड्या उभ्या, किती चालू? पालकसभेत तक्ता मांडा. महिन्याने पुन्हा मोजा.
* हवा गुणवत्ता निर्देशांकाचे सहा टप्पे पाठ करून घ्या : ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिवाईट, ४०१ ते ५०० गंभीर. निर्देशांक वाईट असेल त्या सकाळी कवायत पटांगणात घ्यायची की वर्गात, हे मुलांनाच ठरवू द्या.
* प्रत्येक मुलाने घरातला एकच धूर निवडायचा. बंबातलं प्लास्टिक, कॉइल, दारातला कचरा, काहीही. तो आठवडाभर बंद ठेवायचा प्रयत्न करायचा आणि काय अडचण आली ते पाच ओळींत लिहायचं.

शेवटच्या उपक्रमात मुलं अडचणी लिहितील, त्या नीट वाचा. 'आजी ऐकत नाही', 'घंटागाडी येत नाही', 'गॅस महाग आहे'. उपाय शोधायचा आहे तो याच ओळींमधून. त्यातल्या काही अडचणी घरी सुटतील, काही पालकसभेत, तर काहींसाठी आपल्यालाच अर्ज लिहावा लागेल.

पुढच्या वेळी 'हवा प्रदूषण' हा निबंध द्याल, तेव्हा शेवटी एक प्रश्न जोडा : 'यातलं तू या महिन्यात काय केलंस?' आणि हो, उत्तर मागण्याआधी शाळेमागचा तो पालापाचोळा खड्ड्यात गेलाय ना, एवढं बघून घ्या.