नवे की स्थिर?

संगणकाच्या सर्व कामांचा मेळ घालणाऱ्या मूळ आज्ञासमूहास 'कार्यप्रणाली' म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने अशा प्रणालीचा गाभा रचला व तो सर्वांस खुला केला. तोच लिनक्स होय. कोणीही तो अभ्यासावा, सुधारावा व इतरांस द्यावा, अशी मुभा असल्याने त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली निर्माण झाल्या. १९९३ साली इयन मर्डॉक याने आरंभिलेली डेबियन ही त्यांपैकीच एक.

डेबियनची मुख्य रूपे तीन. नवी सुधारणा प्रथम 'अनस्टेबल' म्हणजे अस्थिर रूपात येते. तेथे काही दिवस गंभीर दोष न आढळल्यास ती 'टेस्टिंग' या परीक्षाधीन रूपात जाते. साधारणतः दोन वर्षांनी या रूपात नवे बदल घेणे थांबवितात, उरलेले दोष दूर करितात आणि मग तेच 'स्टेबल' म्हणजे स्थिर रूप म्हणून प्रसिद्ध होते.

मग निवड कशी करावी? रुग्णालयात रोग्यांच्या नोंदी ठेवणारा संगणक मध्येच अडला, तर औषधोपचारास विलंब होईल. तेथे स्थिर रूपच हवे. त्यातील साधने थोडी जुनी असली, तरी सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यास ठरावीक काळ मिळत राहतात. परंतु सर्वांनीच स्थिर रूप धरून ठेवले, तर नव्यातील दोष शोधणार कोण? ते काम अस्थिर रूप वापरणारे जाणकार स्वखुशीने पत्करतात. त्यांनी दोष कळविले म्हणूनच इतरांचे संगणक निर्वेध चालतात.

तात्पर्य, प्रत्येक जुने सोने नसते व प्रत्येक नवे सरस नसते. ज्याने त्याने आपले काम ओळखून निवड करावी.