बाकावर जागा आहे का?



‘गॉडस्पेल’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द; अर्थ शुभवर्तमान. याच नावाचे संगीत नाटक मे १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमध्ये आले. शाळा-महाविद्यालयांत आणि चर्चच्या सभागृहांत ते आजही होते. त्यात असे काय आहे?

जॉन-मायकल टेबेलाक हा नाट्यशास्त्राचा विद्यार्थी १९७० साली पिट्सबर्गच्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये पास्काच्या जागरण विधीला गेला. पुनरुत्थानाचा सण, पण लोकांच्या चेहऱ्यांवर आनंद नाही! बाहेर पडताना लांब केस पाहून पोलिसाने अमली पदार्थांसाठी त्याची झडती घेतली. घरी येऊन तो नाटकाला भिडला. पुढे स्टीफन श्वार्ट्झ यांनी त्याला संगीत दिले.

सुरुवातीला सॉक्रेटिस, संत थॉमस अक्वायनस, सार्त्र असे विचारवंत एकदमच बोलू लागतात. कुणाचेच कुणाला ऐकू येत नाही. तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हाला हे टोचते. मग विदूषकासारखा चेहरा रंगवलेला येशू येतो. मुख्यतः मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखले ही माणसे खेळत, हसत एकमेकांना सांगतात आणि त्या अनोळखी माणसांचे एक कुटुंब होते. शेवटी प्रभूचे शरीर तीच उचलून गात निघतात. आम्हाला वाटते, नाटकाची ओढ इथेच आहे: शुभवर्तमान नुसते ऐकायचे नसते, एकमेकांना आनंदाने द्यायचे असते.

पुढच्या पास्काच्या रात्री असाच एखादा तरुण आपल्या दारात आला, तर आपण आधी काय पाहू? त्याचे केस, की त्याची तहान? बाकावर थोडे सरकू या.