कारागिराची कंबर

नवेगाव बांध आणि आसपासचा मुलूख धानाचा. राईस मिलमध्ये पोती उचलणारा हमाल, दिवसभर मशीनवर वाकलेला शिंपी, सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या भगिनी आणि कापडाच्या गाठी उतरविणारे आमच्यासारखे दुकानदार, या सर्वांची तक्रार एकच असते: कंबर धरली. रोजीवर जगणाऱ्या माणसाची कंबर धरली की त्या दिवसापासून घरात पैसा येणे बंद होते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. धिप्पाड माणसाची पाठ दुखत नाही ही पहिली, आणि ज्याची कंबर वेतासारखी लवते त्याला भीती नाही ही दुसरी. या दोन्ही तपासून पाहिल्या पाहिजेत. डेन्मार्कमधील बीअरिंग-सोरेन्सेन या संशोधकाने १९८४ साली ३० ते ६० वयाच्या स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. पालथे झोपवून, कमरेच्या वरचे अंग आधाराशिवाय किती वेळ सरळ धरता येते हे त्यांनी घड्याळ लावून मोजले. ज्या पुरुषांच्या पाठीचे स्नायू जास्त वेळ टिकले, त्यांना पुढील वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचा संभव कमी आढळला. उलट ज्या पुरुषांची कंबर फार लवत होती, त्यांनाच दुखणे जडण्याचा धोका अधिक दिसला. म्हणजे नुसते लवचीक असणे पुरत नाही. पाठीला दम पाहिजे.

कमरेत पाच मणके असतात आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. दाब पडला की तिच्यातील पाणी बाहेर जाते, दाब हटला की परत आत येते, आणि याच ये-जा करण्यातून तिचे पोषण होते. तासन् तास एकाच बैठकीत वाकून राहणाऱ्या कारागिराच्या गादीला ही सवलत मिळत नाही. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालण्यात दोन-चार मिनिटे जातात. मालकांनी ती कामचुकारीत धरू नयेत.

रात्रभर आडवे राहिल्याने ही गादी पाणी पिऊन फुगते. त्यामुळे सकाळी माणसाची उंचीही सेंटिमीटरभर जास्त भरते. अशा ताठर गादीवर वाकून वजन घेतले तर ताण जास्त बसतो. आमचे नेमके असेच झाले. नागपूरहून माल आला होता, फजरची नमाज आटोपून आम्ही तडक ट्रकपाशी गेलो आणि गाठ ओढली. कळ अशी आली की उभे राहवेना. कोणीतरी सांगितले म्हणून पंधरा दिवस खाटेवर पडून राहिलो आणि लग्नसराईचा धंदा गेला. तो सल्ला चुकीचा होता हे मागाहून कळले. फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुखण्याला सोसेल तितका रोजचा व्यवहार चालू ठेवणारे लोक खाटेवर पडलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. मात्र पाय लुळा पडत असेल, मांड्यांमधील जागा बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर घरी थांबू नये. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे.

आता वजनाचे. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ च्या हिशेबात, सर्व गोष्टी अनुकूल असतानाही, एका माणसाने उचलावयाचे वजन २३ किलो धरले आहे. ओझे अंगापासून दूर असेल किंवा कंबर पिळावी लागत असेल, तर हा आकडा आणखी खाली येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये पुरुषासाठी ५५ किलोंपर्यंतची मर्यादा सुचविली होती. आपल्याकडे त्याहून जड पोती पाठीवर वाहताना आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि ती वाहून नेणाऱ्याला शाबासकीही दिली आहे!

उचलण्याची रीत आपल्याला नवी नाही. रुकूमध्ये पाठ सपाट ठेवून आपण खुब्यातून वाकतो. ओझ्याजवळ जाताना तसेच वाकावे, त्यात गुडघे मोडावेत, ओझे पोटाशी घ्यावे आणि वळायचे असेल तर पाय टाकून वळावे. पाठीला दम यावा म्हणून तळहात व गुडघे जमिनीवर टेकून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा, सात-आठ सेकंद धरावा, मग बाजू बदलावी. मात्र उठल्याबरोबर नको, थोडे हिंडूनफिरून झाल्यावर करावे.

आमच्या दुकानी आता माल दिवस वर आल्यावर उतरतो. गांधीबागेतील व्यापाऱ्याला आम्ही लहान गठ्ठे बांधावयास सांगितले आहे. हमाली थोडी जास्त पडते, ती आम्ही मालाच्या खर्चातच धरतो.