इंजिन धडधडतं, विडर जागचा हलत नाही

बाबू, जुलैत पावसानं जरा उघाड दिली की आपल्या सेलू-देवळीकडं एकच घाई उडते. सोयाबीन तणात बुडालेली, निंदायला बाया मिळत नाहीत, गवळाऊ बैलांची जोडी आता मोजक्याच गोठ्यांत राहिली. म्हणून डवऱ्याच्या जागी पॉवर विडर आला. तो बिघडतोही नेमका याच दिवसांत. इंजिन जोरात चालतं, पण पाती फिरत नाहीत. मग शेजारचा कोणीतरी येऊन सांगतो, “गिअरबॉक्स गेला.” त्याचं ऐकू नको. गिअरबॉक्स उघडायची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याच्या आधी केबल, पट्टा, चावी आणि पिन ही स्वस्तातली चार ठिकाणं आहेत, आणि दोष बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

हात घालण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेव, पेट्रोलचा कॉक बंद कर. यात आळस चालत नाही. पट्ट्यात बोट सापडायला दोरीचा अर्धा झटकाही पुरतो. यंत्र कलतं करायचं असेल तर प्लग वरच्या अंगाला राहील असं कर, नाहीतर इंजिनचं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि नसलेला आजार मागे लागतो.

आता पट्ट्याचं झाकण काढ, पाती जमिनीवरून उचललेली राहतील असा टेका दे. एकाला हँडलवरचा क्लच दाबून धरायला सांग आणि तू स्टार्टरची दोरी सावकाश ओढ. इंजिनची पुली फिरते का? पट्टा तिच्यासोबत सरकतो का? खालची पुली फिरते, पण तिच्यातला शाफ्ट फिरतो का? शाफ्टपासून पात्यांपर्यंत फिरणं पोचतं का? फिरणं जिथं थांबलं तिथंच हात घाल, पुढचं काही उघडू नको. अधांतरी सगळं नीट फिरलं आणि मातीत टेकवल्यावरच अडलं, तर पट्टा घसरतोय असं धर. काही विडरमध्ये पट्टा नसतोच, इंजिनची ताकद क्लचमधून थेट गिअरला जाते. तिथं क्लच प्लेट तपासावी लागते, आणि ते काम मिस्त्रीवर सोडलेलं बरं.

केबलचं आधी पाहजो. क्लच दाबला की ताणपुली पट्ट्यावर चढली पाहिजे आणि सोडला की पट्टा ढिला पडला पाहिजे. केबलची तार वापरून वापरून ताणते, मग ताणपुली अर्ध्यावरच थांबते. केबलच्या टोकाला जुळवणीचा नट असतो, तो थोडा थोडा फिरवून बघ. पण जोर करून जास्त आवळू नको. क्लच सोडल्यावरही पाती फिरत राहिली तर ती तुझ्याच पायाशी फिरतात. नट पार टोकाला गेला असेल तर केबल बदलायची, आणि हात लागलेलाच आहे तर ताणपुलीची स्प्रिंग आणि बेअरिंगही बघून घ्यायचं. ताणपुली हातानं फिरवून खरखर आली की बेअरिंग गेलं. त्याचा नंबर त्याच्या कडेलाच कोरलेला असतो.

पट्टा म्हणजे व्ही-पट्टा. हा तळाशी नाही, दोन्ही कुशींनी पुलीला धरतो. म्हणून पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसला तर समज की पट्टा झिजून खाली बसला, नाहीतर खाचच रुंदावली. कुशी काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, जळक्या रबराचा वास येत असेल, तर तो पट्टा बदलायचाच. नवा घेताना जुना सोबत नेजो. ‘ए’ पट्टा वरून साधारण 13 मिलिमीटर रुंद, ‘बी’ 17. अक्षरापुढचा आकडा म्हणजे पट्ट्याची आतली लांबी, इंचात. ‘ए’च्या जागी ‘बी’ बसला तरी तो खाचेत नीट उतरत नाही. चढवताना पेचकसानं उचकटू नको, आतले दोरे तुटतात आणि आठवड्यात पट्टा पिळवटून निघतो. आधी ताण सोड, मग चढव. दोन्ही पुल्यांच्या कडांना सुतळी ताणून लाव. ती चारही ठिकाणी टेकली तर पुल्या एका रेषेत आहेत.

आपल्या वर्ध्यात एक खोड आहे. सेवाग्रामला आणि वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहिलेली माणसं आपण. चरख्याच्या माळेला पकड यावी म्हणून राळ लावतात, तशी ती विडरच्या पट्ट्यालाही चोळणारे महाभाग आहेत. चरख्याची चाती हलकी, तिथं ते चालून जातं. इथं राळेला धूळ चिकटते आणि तीच धूळ पुली खाते. पट्ट्याला काहीही लावू नको. ऑइल उडालं असेल तर आधी ते कुठून गळतं ते शोध.

गिअरबॉक्सची गळती पात्यांच्या मुळाशीही बघ. पिना काढून पाती बाहेर ओढ. आत पऱ्हाटीच्या सालीचे पीळ, खताच्या पोत्याचे धागे, ठिबकच्या नळीचे तुकडे गुंडाळलेले दिसतील. ते शाफ्टवर आवळत जातात आणि ऑइल सील कापतात. ऑइल बाहेर येतं, पाणी आत जातं. गिअरबॉक्समधलं ऑइल दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंच. ते काढून टाक, सील बदल, मगच नवं भर. बऱ्याच यंत्रांना 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं, पण आत पितळी गिअर असेल तर यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाल. रोज संध्याकाळी विळ्यानं हे पीळ कापून टाकले तर सील बराच काळ टिकतं.

पुलीला शाफ्टशी जखडणारी चावी किंवा पात्यांची पिन तुटली तर तिच्या जागी खिळा ठोकू नको. दगड लागल्यावर आधी ती तुटावी आणि गिअर वाचावा म्हणूनच ती मऊ असते.

संस्थांच्या आवारातलं, स्वतः चालणारं गवत कापायचं यंत्र कोणी आणून दिलं तरी वाट हीच: केबल, पट्टा, मग चाकं. त्याच्या चाकाला आतून दाते असतात, त्यात छोटं दातेरी चाक फिरतं. तिथं गवताचा भुसा दाबून बसतो, दाते झिजतात. ती दोन छोटी चाकं डावी-उजवी वेगळी असतात. साफ करताना अदलाबदल झाली की यंत्र पुढं जात नाही. म्हणून एक चाक पूर्ण बसव, मगच दुसरं खोल.

आणि वाफसा येऊ दे. ओल्या काळ्या मातीत विडर घातला की पात्यांना ढेकळं चिकटतात आणि सगळा भार पट्ट्यावर येतो. सोयाबीनच्या 45 सेंटिमीटरच्या तासात बाहेरची पाती काढून ठेव. रोपंही वाचतात, पट्टाही. हंगाम संपल्यावर धुताना सीलवर पाण्याचा फवारा मारू नको, क्लच दाबून बांधून ठेवू नको, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं पट्ट्याचा नंबर लिहून ठेवजो. जुन्या पट्ट्यावरचा छापा पुढच्या साली वाचता येणार नाही.