आजचे चिंतन : पाणी कोणाच्या हातून येतं?



आजचे वाचन : महाभारत, आश्वमेधिक पर्व, उत्तंक मुनींची कथा.

युद्ध संपलंय. श्रीकृष्ण हस्तिनापुरातून द्वारकेला निघालेत. वाटेत मरुभूमी लागते आणि तिथे उत्तंक मुनी भेटतात. भगवंत त्यांना वर मागायला सांगतात. वाळवंटात फिरणारा माणूस काय मागणार? पाणी! हवं तेव्हा माझं स्मरण कर, असं सांगून कृष्ण पुढे जातात.

पुढे एकदा मुनींना भयंकर तहान लागते. ते स्मरण करतात. आणि समोर येतो तो कोण? अंगावर कपडा नाही, चिखलाने माखलेला, सोबत कुत्री, गावाने बाहेर ठेवलेला माणूस. तो पाणी घ्या म्हणून पुन्हा पुन्हा विनवतो. मुनींना किळस येते, राग येतो. ते नाही म्हणतात आणि तो दिसेनासा होतो. मग कृष्ण येऊन सांगतात, अरे, तो इंद्र होता आणि हातात अमृत होतं!

तरीही भगवंत रागावत नाहीत. तुला तहान लागेल तेव्हा या वाळवंटावर ढग येतील, असा दुसरा वर देतात. त्या ढगांना 'उत्तंक मेघ' म्हणतात.

बघा, मुनींचं स्मरण खरं होतं. तहानही खरी होती. चुकली ती फक्त ओळख.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना रस्त्यावरच्या आयुष्याची ओढ असते. बॅग उचलावी, जैसलमेरच्या वाळूत तंबू ठोकावा, चांदण्याखाली नामस्मरण करावं. छानच आहे. पण आज मनाने बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याला जाऊ या.

बालाघाटाच्या डोंगररांगेतला हा तालुका. मांजरा नदी इथेच उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. पाटोदा काही वाळवंट नाही, जैसलमेरपेक्षा इथे कितीतरी जास्त पाऊस पडतो. पण पाऊस बेभरवशाचा आणि जमिनीखाली काळा कातळ, त्यामुळे पाणी साठत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. याच मांजरेवरचं धरण कोरडं पडलं, तेव्हा 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं.

म्हणून दिवाळीच्या आसपास इथली घरंच्या घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरं टाकायची आणि सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटक गाठायचं. पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहायचं. जिथे स्वतःच्या शेताला पाणी नाही, तिथली माणसं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला जातात. आपल्या देवाच्या नैवेद्यातली साखर अशी येते.

हाही रस्त्यावरचाच संसार. फरक एवढाच, की आपण हौसेने निघतो आणि परत कधी यायचं ते आपण ठरवतो. त्यांची उचल फिटेपर्यंत सुटका नसते. म्हणून त्यांच्या भटकंतीला 'वैराग्य' म्हणून मोकळं होऊ नये. वैराग्य निवडलेलं असतं. हे लादलेलं आहे.

आणि याच पाटोद्यावरून ज्येष्ठात नाथांची पालखी पैठणहून पंढरीला जाते. नाथांची ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले एकनाथ महाराज, आणि तापलेल्या वाळूत तडफडणारं एक गाढव. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. त्यांच्यासाठी रामेश्वर तिथेच भेटला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. उत्तंक तहानलेले होते, देव पाणी घेऊन आला, त्यांनी ओळखला नाही. नाथांकडे पाणी होतं, देव तहानलेला होऊन आला, त्यांनी ओळखला. दोघेही वाटेवर, दोघेही भक्त. परीक्षा एकच, समोरचा कोण दिसतो?

आजचा संकल्प : या हंगामात हायवेवर उसाची ट्रॉली आडवी आली तर हॉर्नवर हात ठेवण्याआधी वर कोण बसलंय ते बघू या. कारखान्याच्या भागातून जाणार असाल तर कोपीवरच्या लेकरांची शाळा सुरू आहे का, एवढी चौकशी करा. जवळच्या साखरशाळेला वह्या, एखाद्या रविवारी दोन तास. आणि त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं तर बाटली बॅगेत ठेवून ते आधी प्या.

मनन करा : आज दिवसभरात मी कोणाच्या हातचं नाकारलं?

जय हरी!