जुन्या मोटारीचे सांधे

मोटार म्हटली कीं आमच्या विद्यार्थ्यांस तिचें इंजिन व तिचा वेग एवढेंच आठवतें. इंजिनाचें बळ चाकांपर्यंत कसें पोंचतें व रस्त्याचे धक्के मधल्या मध्यें कोण झेलतें, हें पाहण्यास ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही इंग्रजी क्रीडामोटार फार सोईची आहे. कॉव्हेंट्री येथें १९६२ पासून १९८० पर्यंत अशा तीन लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. हौशी लोक त्या आजही घरीं दुरुस्त करतात. तिचें सबंध नाक झांकणासारखें पुढें उलटतें, त्यामुळें पुढच्या चाकांचे सांधे आयतेच उघडे पडतात.

जॅक हा मोटार उचलण्यापुरताच. काम करतांना ती भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकविली पाहिजे. पुढच्या स्प्रिंगाही दाबून धरणाऱ्या हत्याराशिवाय सोडूं नयेत, त्या उसळून जीव घेतील.

आतां मुख्य सांधा पाहूं. पुढच्या प्रत्येक चाकास एक उभा पोलादी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोंकास आटे पाडलेले असून तें टोंक पितळेसारख्या मऊ धातूच्या ठोकळ्यांत बसतें. ह्या ठोकळ्यास ट्रनियन म्हणतात. सुकाणूचक्र फिरविलें कीं दांडा ह्या आट्यांतच फिरतो. येथें गिअरपेटींतील दाट तेल घालावयाचें असतें. पण पुष्कळजण सोपें म्हणून ग्रीस भरतात. ग्रीस सुकून घट्ट होतें, आट्यांपर्यंत पोंचत नाहीं, पाणी शिरतें, पोलाद गंजतें आणि एके दिवशीं दांडा तुटून चाक मोटारीखालीं दुमडतें. बाहेरून रंग कितीही झकास असो, दांडा काढून, स्वच्छ धुऊन पाहावा. आट्यांशीं गंजाचे खड्डे दिसले तर तो टाकून द्यावा. येथें काटकसर नको. डाव्या बाजूचे आटे डावे व उजव्या बाजूचे उजवे असतात, म्हणून दोन्हींकडील भाग निरनिराळे ठेवावे.

मागची रचना वेगळी आहे. डिफरन्शिअल सांगाड्यास पक्कें बांधलेलें असून त्यांतून दोन्ही बाजूंस एकेक दांडा निघतो. प्रत्येकास आंतल्या टोंकाशीं एकच फिरता सांधा असल्यामुळें चाक वरखालीं होतांना दांड्यासह झुलतें. वर आडवे पाटे असतात. वळणावर चालकानें घाबरून एकदम वेग सोडला तर मागचा भाग उचलला जातो, बाहेरचें चाक आंत कलतें आणि मोटार गरकन् फिरते. हा दोष कमी व्हावा म्हणून १९७० सालीं आलेल्या चौथ्या आवृत्तींत पाटे बसविण्याची रीत बदलली. तेव्हां ह्या मोटारीस जुने पाटे किंवा त्या मोटारीस नवे, असें हातास येईल तें बसविणें बरें नव्हे.

गिअर टाकून निघतांना ‘खट्’ असा आवाज आला तर आधीं ह्या सांध्यांकडे पाहावें. आंत चार टोप्यांत सुईसारख्या बारीक रुळांवर फिरणारा एक क्रॉस असतो. टोप्यांभोंवतीं तांबडी धूळ दिसली म्हणजे तो कोरडा पडला असें समजावें. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वीं दोन्ही जोडांवर खूण करावी, म्हणजे तो होता तसाच बसवितां येतो.

रबरी बुशांचे बोल्ट मात्र मोटार अधांतरीं असतांना पक्के आवळूं नयेत, नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहतें. मोटार चाकांवर उतरवावी, आंत माणसांइतकें वजन ठेवावें व मग पान्हा हातीं घ्यावा.